आवाज कुठून येतोय?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक मंडळींनी मला वीस मिनिटं दिली आहेत, आणि त्यानंतर जेवण आहे हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मी वेळ पाळणार. विषय ऐकून एकाने मला फोनवर विचारलं, "अगं, जुन्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हची करकर कशी घालवायची हा काय स्नेहमेळाव्यात बोलायचा विषय आहे का? त्यापेक्षा एखादं गाणं म्हण." माझं गाणं ज्यांनी शाळेत ऐकलं आहे ते असं म्हणणार नाहीत. पण विषयाचं म्हणाल, तर व्यासपीठाच्या डावीकडे त्या लांब टेबलावर छापील कागदांचा एक गठ्ठा ठेवला आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा त्याच्याशी संबंध आहे. तो गठ्ठा आज इथे आहे, कारण एका आवाजाचं मूळ सापडलं. ते कसं सापडलं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी माझ्या कामाविषयी. मी पुण्यात एका महाविद्यालयातल्या प्रयोगशाळांची उपकरणं सांभाळते. तिथली काही उपकरणं आपल्या दहावीच्या वेळची आहेत. अजून उत्तम मोजमाप देतात, पण त्यांना जोडलेला कॉम्प्युटरही त्याच वयाचा आहे, आणि त्याचं सगळं फ्लॉपीवर चालतं. अशी यंत्रं जगात अजून बरीच आहेत. जुन्या सीएनसी लेथ, भरतकामाची यंत्रं, काही विमानं. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या मेट्रोची नियंत्रणव्यवस्था १९९८ साली बसवली, ती सव्वापाच इंची फ्लॉपीवरून सुरू करत. अशा जागी ड्राइव्ह बंद पडला तर दुकानात जाऊन नवा आणता येत नाही, कारण सव्वापाच इंची ड्राइव्ह आता कुणी बनवतच नाही. जो आहे तोच दुरुस्त करावा लागतो. त्यातून मला हा नाद लागला. रविवारी लोक जुने ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतात आणि दहांपैकी सहा-सात जणांची तक्रार एकच असते: "ताई, आवाज करतोय."

आता ड्राइव्हमध्ये असतं काय? ज्यांनी ही वस्तू उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात फक्त दोन हालचाली असतात. एक म्हणजे तबकडी फिरते. दुसरी म्हणजे तबकडीवर टेकलेलं हेड आत-बाहेर सरकतं. ग्रामोफोन आठवा. फरक इतकाच, की ग्रामोफोनची सुई एका सलग खाचेतून जाते, आणि इथे हेड एका वर्तुळावरून उडी मारून दुसऱ्या वर्तुळावर जातं. या वर्तुळाला ट्रॅक म्हणतात. ३६० केबीच्या सव्वापाच इंची डिस्कवर एका बाजूला ४० ट्रॅक असतात आणि दोन शेजारच्या ट्रॅकमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं. हेड ज्या मोटरने सरकतं तिला स्टेपर मोटर म्हणतात, कारण ती गरगर फिरत नाही, एकेक पाऊल टाकते.

म्हणजे आवाज यायच्या जागा मोजक्याच आहेत. फिरणारी मोटर आणि तिचं बेअरिंग. जुन्या बनावटीत मोटर आणि चाक यांना जोडणारा रबरी पट्टा. हेडची गाडी ज्यावरून सरकते त्या दोन दांड्या. स्टेपर मोटर. आणि पाचवी जागा, जी सगळे विसरतात, ती म्हणजे खुद्द डिस्क. आवाज ऐकला की लोक तेलाची बाटली शोधतात. मी त्यांना म्हणते, या पाचांपैकी कोण बोलतंय ते आधी कळू दे. ओरडणाऱ्याचं तोंड बंद केलं म्हणजे त्याचं दुखणं गेलं असं होत नाही.

शिवाय काही आवाज मुळात दुखण्याचे नसतातच. १९७८ साली स्टीव्ह वॉझ्नियाकने ॲपल टू साठी डिस्क ड्राइव्ह तयार केला. शुगार्ट कंपनीचा सांगाडा घेतला आणि त्यातली बरीचशी इलेक्ट्रॉनिक मंडळी काढून टाकली. खर्च वाचवण्यासाठी, हेड शून्य नंबरच्या ट्रॅकवर आलं आहे हे सांगणारा संवेदकही त्यात ठेवला नाही. मग हेड शून्यावर आहे हे कळणार कसं? तर हेडला बाहेरच्या दिशेने पुरेपूर पावलं टाकायला सांगायचं. ते शेवटच्या अडथळ्याला धडकत राहील, खर्र्र खट्खट् करील, आणि मोजणी संपली की ते शून्यावर आहे असं समजायचं. भिंतीला डोकं लागेपर्यंत चालत जाण्यासारखंच. १९८२ च्या कमोडोर १५४१ मध्येही हीच तऱ्हा. लोक घाबरून विचारतात, ड्राइव्ह मोडला का? नाही, तो आपली जागा शोधतोय. अर्थात वर्षानुवर्षं डोकं आपटून घेतल्यावर हेड आपल्या जागेवरून किंचित हलतं, आणि मग मात्र ते बसवून द्यावं लागतं.

स्टेपर मोटरचंही तसंच. ती दर सहा मिलिसेकंदांनी एक पाऊल टाकत असेल तर सेकंदाला साधारण १६७ पावलं होतात, आणि आपल्या कानाला तो एक सलग सूर वाटतो. तीन मिलिसेकंदांनी टाकायला लावली की तोच सूर एक सप्तक वर जातो. संगीताच्या बाईंनी हे ऐकलं तर त्यांना आवडेल. एखादा जुना ड्राइव्ह भलत्याच कर्कशपणे घुमत असेल तर पुष्कळदा त्याच्यात काही बिघडलेलं नसतं, त्याला न झेपणाऱ्या वेगाने हुकूम सोडलेले असतात. वेग उतरवला की तो शांत होतो. तिथे तेल घालून काय उपयोग?

आता खरे आजार. सगळ्यात नेहमीचा म्हणजे दांड्यांवरचं वाळलेलं ग्रीस. कारखान्यात लावलेलं ग्रीस तीस-पस्तीस वर्षांत मेणासारखं होतं, त्यात धूळ बसते, आणि हेडची गाडी अडखळत, करकरत सरकते. करकरीपेक्षा अडखळणं वाईट. गाडी पाऊणच पाऊल सरकली तर हेड दोन ट्रॅकच्या मधे उभं राहतं आणि काहीच वाचत नाही. यावर उपाय सोपा पण चिकाटीचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, पाणी कमीत कमी असलेलं, आणि बोळ्याने जुनं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत दांड्या पुसायच्या. चार-पाच बोळे तपकिरी होतात. सहावा पांढरा निघाला की थांबायचं. मग शिलाई मशीनचं हलकं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकं, बोटाने पसरून लावायचं. दांडी ओली दिसली तर तेल जास्त झालं. उडालेला एक थेंब डिस्कवर पडला तर दुरुस्तीपेक्षा नुकसान मोठं.

आणि कृपा करून खोबरेल नको. आपल्याकडे केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल लावतात. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. माझ्याकडे एक ड्राइव्ह दर डिसेंबरात बंद पडायचा आणि होळीला सुरू व्हायचा. मालकांना तो चमत्कार वाटे. उघडल्यावर वास आला आणि चमत्कार संपला.

दुसरा आजार म्हणजे पट्टा आणि फिरण्याचा वेग. पट्टा ताणला किंवा कडक झाला की चाकावर घसरतो, चुईचुई करतो आणि तबकडी कधी हळू, कधी जोरात फिरते. तिने मिनिटाला ३०० फेरे घ्यायला हवेत. ते मोजायचं साधन पुष्कळ ड्राइव्हच्या चाकावरच छापलेलं असतं आणि मला ते फार आवडतं. चाकावर काळ्या खुणांची वर्तुळं असतात. मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला ५ फेरे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. चाकावर २० खुणा असतील तर दर मिणमिणीला बरोबर एक खूण पुढे जाते आणि डोळ्याला वाटतं, खुणा जागच्या जागी उभ्या आहेत. पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे गेल्या तर कमी. मग बारीक स्क्रू फिरवून त्या थांबवायच्या. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून त्यांच्यासाठी शेजारी २४ खुणांचं वेगळं वर्तुळ. विज्ञानाच्या सरांनी आठवीत पंख्याची पाती ट्यूबलाइटखाली उलटी फिरताना दाखवली होती, आठवतंय? तेच हे. एलईडीची ट्यूब मात्र यासाठी बहुधा चालत नाही. म्हणून माझ्या खोलीत मी एक चोकवाली ट्यूब मुद्दाम राखली आहे.

तिसरा आजार हार्ड डिस्कचा. १९८० च्या दशकातल्या, वीस मेगाबाइटवाल्या, विटेएवढ्या हार्ड डिस्क. त्या कधी कधी अशी शिट्टी घालतात की कुकर लावलाय असं वाटावं. लोक समजतात बेअरिंग गेलं, डिस्क मेली. पुष्कळदा तसं नसतं. त्यातली तबकडी मिनिटाला ३६०० फेरे घेते आणि फिरताना तिच्यावर स्थिर वीज साठते. ती जमिनीला उतरावी म्हणून बाहेरच्या अंगाला एक पितळी पट्टी असते आणि तिच्यावरची कार्बनची छोटी टिकली फिरत्या आसाच्या टोकाला टेकलेली असते. वर्षांनुवर्षं घासून टिकलीला खळगा पडतो, पट्टी थरथरायला लागते आणि शिट्टी वाजते. तपासायचं कसं? काडेपेटीतली काडी घ्यायची आणि तिच्या टोकाने पट्टीला हलकंच दाबायचं. आवाज बदलला किंवा थांबला तर चोर सापडला. मग वीज बंद करून टिकली पुसायची, पट्टी केसभर वाकवून टेकण्याची जागा बदलायची, थेंबाच्या अंशाइतकं वंगण द्यायचं. काहीजण ती पट्टी काढूनच टाकतात. मी काढत नाही. ती तिथे कामासाठी ठेवलेली आहे. आणि हार्ड डिस्कचं वरचं झाकण घरी कधीही उघडायचं नाही. तिथे हेड तबकडीवर टेकत नाही, एका मायक्रॉनहूनही कमी उंचीवर तरंगतं. आपल्या खोलीतली धूळ त्याच्यासाठी धोंड्यासारखी.

आता पाचवी जागा, डिस्क स्वतः. आणि इथे आपल्या बाईंची गोष्ट येते.

आपण आठवी-नववीत असताना, १९९० ते ९२ या दोन वर्षांत, मराठीच्या बाईंनी आपल्याला एक गृहपाठ दिला होता. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणायच्या. तेव्हा आपल्याला तो जाच वाटला होता. एकाने तर सिनेमाची गाणी उतरवून ओव्या म्हणून दिली होती, तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. पण बाकीच्यांनी आणल्या. पुण्याकडे हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करत होते. त्यांच्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. आपलं काम त्यापुढे मूठभर. पण ती मूठ आपल्याच पंचक्रोशीची होती.

बाई आपल्या वह्या घेऊन सुट्टीच्या दिवशी तालुक्याला जात. तिथल्या छापखान्यात जिस्ट कार्ड बसवलेला कॉम्प्युटर होता. जिस्ट म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी उमटवणारं कार्ड, पुण्याच्या सी-डॅकने पुढे आणलेलं. बाई स्वतः बसून टाइप करत. एका बाईची एक फाइल, फाइलला नाव म्हणून नुसता क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुणाचा ते एका हिशेबाच्या वहीत. अशा अकरा डिस्क झाल्या. एका डिस्कवर साडेतीन लाखांवर अक्षरखुणा मावतात. एका ओवीला सव्वाशे धरल्या तरी एका डिस्कवर जवळपास तीन हजार ओव्यांची जागा. पुस्तक काढायचं होतं, ते राहिलं. आपल्या वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजून गेल्या. डिस्क बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या पुतण्याने तो डबा शहरातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने पहिली डिस्क ड्राइव्हमध्ये घातली. ती किंचाळली. त्याने पुन्हा घातली, पुन्हा. मग दुसरी घालून पाहिली, तीही ओरडली. तेव्हा तो म्हणाला, "सगळं खराब आहे, टाकून द्या." पुतण्याने टाकून दिलं नाही, याबद्दल आपण सगळ्यांनी त्याचे आभार मानायला हवेत. महिन्याभराने डबा माझ्याकडे आला.

डबा उघडल्यावर मी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली नाही. आधी माझा ड्राइव्ह साफ केला आणि त्यात रद्दीतली एक डिस्क चालवली. आवाज नाही. म्हणजे ड्राइव्हच्या चारही जागा निर्दोष. आता जो आवाज येईल तो डिस्कचाच असणार. मग एकेक डिस्क उजेडात धरून मधलं भोक बोटाने हळूहळू फिरवत लांबट खिडकीतून आतली तबकडी पाहिली. तपकिरी पृष्ठभागावर पांढुरके ठिपके. बुरशी. आपल्या भागातल्या पावसाळी हवेत तीस वर्षं. किंकाळी त्या बुरशीवरून घासणाऱ्या हेडची होती. हेड प्रत्येक फेऱ्यात बुरशी खरवडत होतं, ती हेडखाली चिकटत होती, आणि त्या खरपुडीने खालचा चुंबकीय थर सोलला जात होता. पहिल्या डिस्कवर तर डोळ्याला दिसेल असं एक चकचकीत कडं पडलं होतं. जिथला तपकिरी थर गेला, तिथलं लिहिलेलं गेलं. ते कुठल्याही यंत्राने परत येत नाही.

विचार करा, अशा वेळी कुणी ड्राइव्हला तेल दिलं असतं तर? आवाज कदाचित कमी झाला असता, आणि सोलणं चालूच राहिलं असतं, ते आता शांतपणे. म्हणून मी म्हणते, आवाज नाहीसा करणं ही दुरुस्ती नव्हे. आवाज कशाचा आहे हे कळणं ही निम्मी दुरुस्ती. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवायला लागलं नाही. जात्याचा आवाज बदलला की त्या पीठ चिमटीत घेऊन बघत आणि म्हणत, टाकी लावायला झालं. खुंटा ढिला झाल्याचा आवाज वेगळा आणि दगड गुळगुळीत झाल्याचा वेगळा, हे त्यांना अंधारातही कळे.

पुढचं काम असं. तोंडाला मास्क बांधायचा. डिस्कच्या चौकोनी वेष्टनाची एक कड पात्याने कापायची आणि आतली गोल तबकडी बाहेर काढायची. धागे न सुटणारं मऊ कापड आयसोप्रोपिलमध्ये ओलं करायचं आणि मधून बाहेरच्या दिशेने पुसायचं. गोल गोल पुसायचं नाही, कारण चरा पडलाच तर तो ट्रॅकच्या दिशेने न पडता आडवा पडावा, म्हणजे एका ट्रॅकचं थोडंसंच जाईल. वाळू द्यायचं. मग रद्दीतल्या एखाद्या डिस्कच्या स्वच्छ वेष्टनात घालायची. एका डिस्कला एक संध्याकाळ.

वाचताना डिस्क कमीत कमी फिरावी हे पाहिलं. हल्ली ग्रीसवीझल नावाचं एक छोटं कार्ड मिळतं. ते अक्षरं समजून घ्यायच्या भानगडीत पडत नाही, तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवून ठेवतं. अर्थ नंतर निवांत लावायचा. एक फेरा ०.२ सेकंदाचा. दोन्ही बाजू मिळून ८० ट्रॅक, प्रत्येकाचे तीन फेरे, म्हणजे ४८ सेकंद, आणि हेड सरकायला लागेल तेवढा वेळ. तीस वर्षांचं काम मिनिटभरात. प्रत्येक डिस्कनंतर हेड पुन्हा पुसायचं.

नऊ डिस्क पूर्ण मिळाल्या. दुकानात ओरडलेली दुसरी डिस्कही त्या नवांत आहे. बाईंनी छापखान्यात जिस्टवर टाइप केलं होतं हे आपलं नशीब. त्यातली अक्षरं इस्की या प्रमाणात साठवलेली असतात, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. त्यामुळे आजच्या कॉम्प्युटरवर ती आणायला दोन दिवस पुरले.

अकरावी डिस्क मी बाईंच्या समोरच लावली. पुसतानाच तिचा थर कापडाला लागत होता. बाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. मोटर सुरू झाली, हेड टेकलं, आठ ट्रॅक शांतपणे गेले, आणि नवव्याला बारीक चीं ऐकू आली. बाई म्हणाल्या, "थांब." माझं बोट बटणावर होतंच. डिस्क बाहेर काढली. ती आता कोरड्या डब्यात, सावलीत ठेवली आहे. तिच्यात कोंढाळकर वस्तीच्या बायका आहेत असं वही सांगते. उद्या कुणाला याहून हलक्या हाताची पद्धत सापडेल. तोवर तिला फिरवायचं नाही. आपल्या दुरुस्तीच्या कामात थांबणं शिकवत नाहीत, पण ते काम त्याचाच भाग आहे.

राहिली ती चकचकीत कडं पडलेली पहिली डिस्क. ते कडं सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर होतं. यालाही कारण आहे. डिस्कवर कोणत्या फाइल आहेत याची यादी शून्याच्या ट्रॅकवर असते. ड्राइव्ह प्रत्येक वेळी आधी तीच वाचायला जातो, आणि वाचता आली नाही तर पुन्हा पुन्हा तिथेच घासत राहतो. म्हणून यादी गेली. आतल्या ट्रॅकवरच्या ओव्या मात्र शाबूत राहिल्या. बाईंनी फाइली एकामागून एक सलग लिहिल्या होत्या, त्यामुळे तुकडे जुळवता आले. सत्तावीस बायकांच्या ओव्या वेगळ्या करता आल्या. फक्त यादीबरोबर क्रमांक गेले, आणि क्रमांक नाहीत तर वहीतलं कुठलं नाव कुणाचं ते लावता येत नाही. ओव्या आहेत, म्हणणारीचं नाव नाही.

टेबलावर जे कागद आहेत त्यात नऊ डिस्कच्या ओव्या नावानिशी आहेत. आपापल्या आजीचं, चुलतीचं, शेजारच्या काकूचं नाव शोधा. खाली गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचं नावही बाईंनी लिहिलेलं आहे. लाल कडेचे सत्तावीस संच वेगळे ठेवले आहेत. ते बिननावाचे. ओवीत माहेराचं गाव येतं, भावाचं नाव येतं, लेकीचं येतं, एखादी विहीर, एखादी वाट येते. ते वाचून तुमच्यापैकी कुणाला तरी वाटेल, ही तर आमची म्हातारी. बाईंशी बोलून आम्ही वहीतली त्या डिस्कच्या वेळची नावं भिंतीवर लावली आहेत. ओळख पटली तर कागदाच्या समासात नाव लिहा, आणि कशावरून ओळखलं तेही लिहा. नुसता अंदाज असेल तर तसं लिहा. ओळखू शकणारी माणसंही आता मोजकीच राहिली आहेत. घरी ऐंशीच्या पुढची आई, आत्या, मावशी असेल तर संच घरी न्या आणि तिला वाचून दाखवा. जास्तीच्या प्रती काढलेल्या आहेत.

आणि एक. तुमच्याही माळ्यावर, कपाटाच्या वरच्या खणात जुन्या डिस्क असतील. वडिलांचा पत्रव्यवहार, सोसायटीचे दप्तर, कुणाची कविता, कुणाचा प्रबंध. त्या "चालतायत का बघू" म्हणून ड्राइव्हमध्ये घालू नका. उन्हात ठेवू नका, पुसू नका, लोहचुंबकाजवळ नेऊ नका. कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि वर काय आहे ते पेन्सिलीने लिहा. डिस्कवर बॉलपेन दाबून लिहू नका, पाकिटावर लिहा. जुना ड्राइव्ह असेल तर भंगारात देण्याआधी मला कळवा. त्याचा पट्टा नाही तर स्क्रू तरी कुणाच्या उपयोगी पडतो. आपल्या शाळेच्या स्टोअररूममध्येही एक जुना कॉम्प्युटर धूळ खात आहे असं शिपाईमामा म्हणाले. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर मी उद्या सकाळी तो पाहून जाते.

माझी वीस मिनिटं झाली. जेवणाच्या रांगेत उभे राहण्याआधी त्या टेबलाशी थोडं थांबा. पेन्सिली तिथे दोऱ्याने बांधून ठेवल्या आहेत.